हौदातले बुवा

पेन्शन लागल्यापासून विष्णुपंतांनी घरातली एक वस्तू जागेवर राहू दिली नव्हती. माजघरातला झोपाळा त्यांनी ओसरीवर टांगला, तिथं वारा फार लागतो म्हणून पुन्हा माजघरात नेला, आणि इथं वारा अजिबात लागत नाही असं म्हणत कड्या हातात घेऊन घरभर हिंडत राहिले. शेजारच्या नृसिंहशास्त्र्यांचं भिंतीवरचं घड्याळ थोडं मागं पडायचं. पंतांनी ते दुरुस्त केलं. तेव्हापासून ते मागं पडायचं थांबलं, आणि पुढं जायचंही. उभा जन्म कालव्याच्या कचेरीत, कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं याचे तक्ते करण्यात गेलेला. आता सोडायला पाणी नाही आणि करायला तक्ता नाही. सकाळी ते नदीपर्यंत चालत जात, घरी येऊन चहा घेत, आणि मघाशी आपण नदीवर गेलो होतो याची खात्री पटत नसल्यासारखे पुन्हा जात.

“अहो, जरा बसा ना,” इंदूताई म्हणत.

“बसलोच आहे,” पंत उभ्या उभ्या म्हणत.

इंदूताईंनी शेवटी दर सोमवारी महादेवापुढं पणती लावून एकच मागणं मागायला सुरुवात केली, की यांना काहीतरी काम दे. देव मागणं ऐकतो, पण नीट विचारपूस करत नाही.

कोल्हारच्या वरच्या अंगाला, प्रवरेच्या काठावर, एक जुनं महादेवाचं देऊळ होतं आणि देवळाच्या पायऱ्या जिथं संपत तिथं डोह होता. त्या डोहातले मासे देवाचे. गावची भोई मंडळी जाळं टाकत टाकत यायची ती डोहाच्या अलीकडच्या काळ्या धोंड्यापर्यंत. तिथं जाळं गुंडाळायचं, देवाला हात जोडायचे आणि वळसा घालून पुढं जायचं. बायका सोमवारी पायरीवर बसून चुरमुरे टाकायच्या. कोणाच्या तरी आज्याच्या काळी एका घरच्या घागरीत डोहातला एक मासा आला आणि मेला. त्या घराला गावानं ‘मासेखाऊ’ म्हणायला सुरुवात केली. पुढच्या पिढ्यांनी निव्वळ वरणभातावर दिवस काढले तरी नाव गेलं नाही. कंटाळून ते घर पुणतांब्याला राहायला गेलं, तर नाव तिथं आधीच पोचलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात डोह आटला. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. नदीचं पाणी वरच्या वर कालव्यात वळायचं, कालव्यातून उसात जायचं, उसातून साखरेत. साखर पुढं कुठं जायची ते कोल्हारात कोणाला ठाऊक नव्हतं. रेशनच्या दुकानात तर ती नव्हतीच. डोहाच्या तळाशी खळ्याएवढं गढूळ पाणी उरलं. मासे एकमेकांच्या अंगावर चढू लागले आणि काठावर बगळे दुकान उघडायची वाट पाहत असल्यासारखे रांगेनं उभे राहिले.

देवळात बैठक बसली. गहिनीनाथ भोई पायरीखाली उभा होता. तो म्हणाला, “जाळं टाकतो की महाराज. समदं मासं एका दमात वर काडतो. पुढं कुटं न्यायचं ते तुमी बगा.”

“जाळ्यात?” नृसिंहशास्त्री म्हणाले. “आजवर किती जीव गेले रे त्या जाळ्यात?”

“मोजलं न्हाई,” गहिनीनाथ म्हणाला. “पोट भरल्यावर कोन मोजतंय.”

झालं. ज्या जाळ्यात हत्या झाली त्यात देवाचे मासे धरायचे नाहीत, असं ठरलं. मग धरायचे कशात आणि ठेवायचे कुठं, यावर बैठक गप्प बसली. अशी शांतता पंतांना सोसत नसे. ते उठून उभे राहिले. खरं म्हणजे ते आधीपासूनच उभे होते.

“माझ्या अंगणात हौद बांधतो,” ते म्हणाले. “नदीला पाणी येईपर्यंत सांभाळतो. जितके नेईन तितके जिवंत आणून इथंच सोडीन.”

एवढ्यावर भागलं असतं. पण पंतांनी पुढं होऊन पिंडीवरचा बेल उचलला. बेल उचलून दिलेला शब्द माघारी घ्यायची सोय नसते. इंदूताई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, महादेवाकडे पाहिलं.

हौद जमिनीत खणायचा नाही, जमिनीवर उभा करायचा, हे पंतांनी घरी पोचायच्या आत ठरवलं. एक तर अंगणात चार बोटं मातीखाली काळा खडक. शिवाय त्या दिवसांत लोक चांदीचे रुपये पुरून ठेवत होते. अंगणात कुदळ वाजली की गाव म्हणणार, पंतांनी पुरले. पुरले नसतील तर उकरले. शास्त्र्यांनी आणखी एक कारण घातलं. हौद छातीइतका उंच हवा, म्हणजे कुत्रं, कोंबडी आणि नको त्याचा हात आत जाणार नाही. नको तो कोण, हे सांगायची कोल्हारात गरज नव्हती.

सिमेंट परमिटावर मिळायचं. परमिट येईपर्यंत माशांचे काटे उरले असते, म्हणून भाजक्या विटा आणि चुना. सहादेव गवंडी आला, अंगणात ओळंबा सोडून एक डोळा मिटून उभा राहिला.

“माशांचा हौद कधी बांधलायस का?” पंतांनी विचारलं.

“म्हशींचा बांधलाय. मासा म्हशीपरीस जड असतो व्हय?”

चुना दळायच्या घाणीत मळताना त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. घरात चहाला गूळ जपून वापरायचे दिवस. इंदूताईंनी कोठीतली ढेप काढून दिली आणि म्हणाल्या, “दिवाळीला पाहुणे आले की विटा चाटायला देईन.”

भिंती कमरेपर्यंत आल्या तेव्हा गावानं त्यांचा अर्थ लावला. एवढं उंच, चारी बाजूंनी बंद, आतून घोटून गिलावा केलेलं, ते पाण्यासाठी असेल यावर त्या वर्षी शहाण्या माणसाचा विश्वास बसणं कठीण होतं. सरकार घरोघर फिरून धान्य शोधत होतं. एक दिवस तलाठी आप्पासाहेब आले, पाय उंच करून आत डोकावले.

“पंत, ओळखीचे म्हणून विचारतो. किती पोती मावतील?”

“यात मासे ठेवणार आहे.”

“सगळे असंच काहीतरी सांगतात,” आप्पासाहेब म्हणाले. “मागच्या महिन्यात एकाच्या कडब्याखाली ज्वारी सापडली. म्हणे, बाळंतिणीची खोली आहे.” जाताना ते दारात थांबले. “मासे आले की निरोप धाडा. येऊन बघतो.”

हौद झाला, तरी चुना जिवंत होता, त्यात मासा जगला नसता. हौद पाण्यानं भरायचा, पाण्यात चुन्याचा कडवटपणा उतरू द्यायचा, बुंध्याजवळची खुंटी काढून पाणी सोडायचं, पुन्हा भरायचा. पंत आडाचं पाणी ओढत, हौदात ओतत, आणि ओतून होतं न होतं तोच बोट बुडवून जिभेला लावत.

“मेला का रे चुना?”

“मरंल की,” सहादेव म्हणायचा. “त्यो काय तुमच्या घाईनं मरतोय?”

मधल्या वेळात पंत नदीवर पळत. डोह थाळीसारखा दिवसेंदिवस उथळ होत होता. तिथून घरी, घरून तिथं. जीभ पांढरी पडली, वरणातलं मीठ कळेना. ज्या दिवशी जिभेला चुना लागेना त्या दिवशी, चुना मेला की जीभ मेली हे पंतांना सांगता येईना. म्हणून इंदूताईंनी चव घेतली आणि हौद पास झाला. लगेच शास्त्र्यांनी त्याची शुद्धी केली. ज्या सहादेवाच्या हातांनी हौद उभा राहिला त्या हातांना त्यात बोट बुडवायची मुभा मग राहिली नाही. सहादेवाला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं देवळंही बांधली होती.

मासे धरायला पंत, शास्त्री आणि शास्त्र्यांचे दोन यजमान सोवळं नेसून चिखलात उतरले. जाळं म्हणून इंदूताईंचं एक जुनं धुवट लुगडं होतं. समोरच्या काठावर सगळी भोईआळी बायकापोरांसकट येऊन बसली. एवढी करमणूक त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

“पंत, लुगडं खाली दाबा,” गहिनीनाथ तिकडून ओरडला. “मासं वरनं हसून जात्यात.”

“तू गप्प राहा.”

“गपच हाय. शास्त्रीबुवांच्या धोतरात एक गेलाय तेवडा काडा.”

उन्हं चढेपर्यंत घागरी भरल्या. बहुतेक मासे बोटाएवढे, चंदेरी, चपळ. एक मात्र निराळा निघाला. हातभर लांब, चिखलासारखा काळा, डोकं चपटं, थेट सापाच्या वळणाचं. शास्त्री दोन पावलं मागं सरले.

“हा मासाच आहे ना?”

“डोहात होता,” पंत म्हणाले. “म्हणजे देवाचा.”

आणि त्यांनी तो चंदेरी माशांच्याच घागरीत घालून वर ओला पंचा झाकला. पंतांच्या घरी मासा हा एकच शब्द होता. जे खायचं नसतं त्याची वेगवेगळी नावं माणूस कशाला पाठ करील?

पहिले काही दिवस आनंदाचे गेले. आप्पासाहेब येऊन मासे बघून गेले. धान्य नाही हे पाहून ते थोडे हिरमुसले. इंदूताई सकाळ-संध्याकाळ स्टुलावर चढून चुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या टाकायच्या आणि चंदेरी मासे पाणी उकळल्यासारखे वर यायचे. काळा मासा यायचा नाही. तो तळाशी, कोपऱ्यात, समाधी लावल्यासारखा. चुरमुरा नाकाशी येऊन टेकला तरी तोंड उघडायचा नाही. मधूनच मात्र सावकाश वर यायचा, पाण्याबाहेर तोंड काढायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि पुन्हा खाली. एकदा हे नेमकं आरतीच्या वेळी झालं.

“घंटा ऐकून आला,” इंदूताई म्हणाल्या.

“आणि अन्न घेत नाही म्हणता?” शास्त्री म्हणाले.

“मी तरी घेताना पाहिलं नाही.”

शास्त्र्यांनी डोळे मिटले. “वायुभक्षण. पूर्वीचे ऋषी करत.”

तेव्हापासून तो ‘बुवा’ झाला. आळीतल्या बायका बुवांच्या दर्शनाला येऊ लागल्या. स्टुलावर चढायचं, आत बघायचं, बुवा वर आले की हात जोडायचे. ज्यांना माशातलं काही कळत होतं त्या भोयांना आणि सहादेवाला दारातून हौदाची भिंत तेवढी दिसायची. भिंत छान झाली होती. आणि बुवा काहीही न खाता तुकतुकीत होत चालले होते, यावरून तपश्चर्येनं अंगावर तेज चढतं ही गोष्ट सगळ्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाली.

पंतांना वेगळाच घोर लागला. मासे कमी दिसत होते. मोजावं तर ते एका जागी राहत नसत, आणि पंतही राहत नसत. या कडेनं मोजायला सुरुवात करायची, त्या कडेला धावायचं, तोवर मोजलेले न मोजलेल्यांत मिसळायचे. दर वेळी आकडा निराळा यायचा. पण वाढलेला कधीच यायचा नाही. कचेरीत सोडलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी जुळलं नाही तर ‘मुरलं’ असं लिहायची सोय होती. इथं काय मुरणार? मेलेला मासा तरंगायला हवा, तोही नव्हता.

त्यांनी मांजराचा संशय घेऊन भिंतीला बाभळीचे काटे बांधले. बगळ्याचा संशय घेऊन वर बांबूचा तट्ट्या घातला. मासे कमी होतच राहिले. पंत जेवताना उठून हौदाकडे जायला लागले, हात खरकटा तसाच धरून. अंथरुणातून उठायचे, संध्या अर्धी सोडून उठायचे. नदीला पाणी येईल तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर अख्खं गाव उभं असणार, आणि आपण घागर पालथी करणार, आणि त्यातून काय पडणार? हे चित्र त्यांना कुठंही टेकू देईना.

एक दिवस गहिनीनाथ खांद्यावर जाळं घेऊन दारावरून चालला होता. पंत उंबऱ्यापर्यंत धावले.

“गहिनीनाथ, थांब. माझ्या हौदातले मासे जातायत.”

“जात्यात? पाय फुटलं का काय?”

“थट्टा नको. गावात मासे धरणारे तुम्हीच.”

गहिनीनाथानं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, “पंत, देवाच्या माशाला माझ्या बापानं हात लावला न्हाई, मी न्हाई लावला. डोह आटला तवा नुसतं वाकलो असतो तरी टोपलीभर गावलं असतं. ते सोडून तुमच्या भिंतीवर चढू?”

“मग कुठं गेले?”

“आमच्या आळीत निराळंच बोलत्यात.”

“काय बोलतात?”

“जाऊ द्या.”

“नाही, बोल.”

“म्हंत्यात, बाजारात घ्यायची लाज वाटती, म्हनून पंतांनी घरीच पाळल्यात.”

तो जाळं उचलून गेला. पंत उंबऱ्यात उभे राहिले, आत वळले, पुन्हा बाहेर आले. माजघराच्या दारात इंदूताई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “काल शास्त्रीणबाई विरजण मागायला आल्या आणि थेट चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत, त्यांना माझं विरजण कशाला? आणि मी पापड भाजत होते, तर विचारतात, कसला हो वास?”

“तू काय म्हणालीस?”

“उडदाचा म्हणाले. त्यांनी हुंगून पाहिला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पंत स्टुलावर चढले. चोर पकडल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. असं ते रोजच ठरवत आणि रोजच उतरत. एका कडेला बघायचे, दुसरीकडे वळायचे, सावली पाण्यावर नाचायची आणि आतले सगळे जीव, चंदेरी काय आणि काळा काय, दडून बसायचे. त्या दिवशी मात्र तट्ट्या सारायला म्हणून ते पुढं वाकले आणि त्यांच्या कंबरेत उसण भरली. अशी भरली की वर उठता येईना, खाली उतरता येईना, मान वळवता येईना. छाती भिंतीवर, तोंड पाण्यावर वीतभर. हाक मारायला दम घ्यावा तरी कळ निघायची. इंदूताई आत निजल्या होत्या.

असा न हलता घालवलेला वेळ पंतांच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता. पाणी निवळलं. चंदेरी मासे भिंतीलगत वर आले. कोपऱ्यातून बुवा निघाले. घाई नाही, गडबड नाही. एखादे महाराज पंगतीत आपल्या पाटाकडे निघावेत तसे. चंदेरी माशांच्या जवळ येऊन ते थांबले. मग पाणी एकदा तडकलं. बुवांच्या तोंडातून एक चंदेरी शेपूट बाहेर राहिली होती. ती दोनदा हलली. मग तीही आत गेली. बुवा वर आले, पंतांच्या नाकासमोर तोंड काढून एक घोट हवा घेतली आणि आपल्या जागी परतले.

इंदूताई उठून अंगणात आल्या तेव्हा पंत तसेच होते.

“अहो, हे काय? कोणी दिसलं का?”

“बुवा,” पंत म्हणाले.

“बुवांचं काय?”

“जेवले.”

त्यांनी पंतांना खांदा देऊन उतरवलं, ओसरीवर पालथं झोपवलं, कंबरेला विटेचा शेक दिला. शेक देता देता सगळी हकीकत ऐकली. रोज दोन वेळा त्यांनी हात जोडले होते.

संध्याकाळच्या आत पंतांनी, कंबर धरून, बुवांना वेगळं केलं. न्हाणीघरातलं मोठं तांब्याचं घंगाळ पाण्यानं भरून त्यात त्यांना सोडलं, वर फळी, फळीवर पाटा. हौदात चंदेरी मासे थोडे उरले होते, पण होते. एवढं करून पंतांना पहिल्यांदा हायसं वाटलं, आणि ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी बुवांचं पोट खपाटीला गेलेलं दिसलं.

पंतांनी दहीभात देऊन पाहिला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, साय, शिकरण. बुवा पूर्वीसारखेच कशाला तोंड लावत नव्हते, फक्त आता तेज चढत नव्हतं. ते एका अंगावर कलायला लागले. पंत न्हाणीघर ते हौद, हौद ते न्हाणीघर अशा येरझारा घालत होते. शास्त्री येऊन घंगाळापाशी नाक धरून उभे राहिले.

“सोडून द्या याला नदीत.”

“नदीत चिखल आहे. मरेल.”

“त्याचं प्रारब्ध.”

“प्रारब्ध त्याचं असेल, शब्द माझा आहे,” पंत म्हणाले. “जितके नेले तितके जिवंत, असं म्हणालो होतो. मधले गेले ते याच्या पोटात गेले, ते मी देवाला सांगेन. पण आता हाही माझ्या दारात मेला तर काय सांगू?”

“मग त्याला खायला काय घालणार?”

पंतांनी हौदाकडे पाहिलं. तो काय खातो हे त्यांनी वीतभर अंतरावरून पाहिलं होतं.

शास्त्र्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी आवाज खाली आणला. “विष्णुपंत, भलतं करू नका. गाव आधीच काय म्हणतंय ठाऊक आहे ना? अगदीच करायचं तर त्या सहादेवाला सांगा. दिवेलागणीनंतर झाकून आणून मागच्या दारानं देईल. कोणाला कळायला नको.”

सल्ला उत्तम होता. कोणीही शहाणा माणूस दिवेलागणीपर्यंत थांबला असता. पण तोवर अजून अर्धा दिवस होता, आणि अर्धा दिवस थांबणं पंतांच्या प्रकृतीतच नव्हतं. त्यांनी देवघरातला नव्हे, न्हाणीतला पितळी तांब्या उचलला, पायांत वहाणा सरकवल्या.

“अहो, टोपी,” इंदूताई म्हणाल्या. त्यांनी टोपी आणून दिली. मग म्हणाल्या, “तांब्या लहान आहे. कळशी न्या.”

बाजाराचा दिवस होता. भोयांच्या बायका वडाच्या पारापलीकडे, वाऱ्याच्या बाजूला टोपल्या मांडून बसायच्या. त्या बाजूला पंतांच्या आळीतला माणूस कधी गेलेला नव्हता. त्या वाटेनं जायचंच झालं तर उपरणं नाकाला लावून, भरभर. पंत कळशी घेऊन सरळ चालत गेले आणि गहिनीनाथाची बायको साळूबाई बसली होती तिथं थांबले. पलीकडे गहिनीनाथ बादलीतलं पाणी बदलत होता. तो सरळ उभा राहिला.

“काय पायजे, पंत?” साळूबाई म्हणाली.

“मासे.”

आसपासच्या चारपाच टोपल्यांवरचं घासाघीस करणं थांबलं. पलीकडे धान्याच्या रांगेत आप्पासाहेब तलाठी उभे होते, ते वळले.

“कंचं?”

“बारीक. आणि जिवंत हवेत.”

“जितं कशाला? घरला जाईस्तवर मरत्यालच.”

“मेलेले चालणार नाहीत.”

गहिनीनाथ पुढं आला. तो हसत नव्हता, पण हसू त्याला दूर नव्हतं. “म्हंजी आमची आळी बोलत हुती ते...”

“तुझ्यावर मी आळ घेतला तो खोटा होता,” पंत म्हणाले. आवाज खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे ते पारापर्यंत ऐकू गेलं. “माझे मासे तुम्ही नेले नाहीत.”

“मग कुनी खाल्लं?”

“हौदातल्याच एकानं. काळा, लांब आहे. सापासारखं डोकं.”

साळूबाईनं कपाळावर हात मारला. “मरळ हाय की त्यो. त्याला त्यांच्यातच ठिवलं?”

“ठेवलं.”

“आन रोज पाया पडत हुत्या म्हनं बायका?”

“पडत होत्या,” पंत म्हणाले. “मीही.”

साळूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं बादली उचलून आणली, तळाशी बोटाएवढे मासे वळवळत होते. पंतांनी कळशी खाली ठेवली आणि उकिडवे बसले. कंबरेतून कळ गेली, पण ते बसून राहिले.

“घरात मान्सं किती?” साळूबाईनं सवयीनं विचारलं, ओंजळ बादलीत घालत.

“जेवणारा एकच आहे.”

“मंग एवडं दोन दिस पुरत्याल. परवाच्याला?”

“परवाही येईन. नदीला पाणी येईपर्यंत येत राहीन.”

“आमाडीच्या पाल्याखाली झाकून ठिवीन तुमच्यासाटी, लोकं बगत्यात,” ती म्हणाली.

“झाकू नकोस,” पंत म्हणाले. “गुदमरतील.”